ट्रकचा कंप्युटर गेला, असं म्हणतात तेव्हा

डिझेलचं इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरज उरत नाही, असं जुने मिस्त्री मोठ्या कौतुकानं सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. त्या पिढीच्या गाड्यांत बॅटरीचं काम सेल्फ मारण्यापुरतं आणि दिवे लावण्यापुरतं. बॅटरी बसली तर गाडी उतारावर ढकलून सुरू करायची आणि थांबवायला स्टॉपची केबल ओढायची. मुंबईत डिलाईल रोडच्या गिरण्यांत कापूस आणणारे आणि कापडाच्या गाठी घेऊन जाणारे ट्रक याच जातीचे होते. गाडी पिकअप घेईनाशी झाली की पंप उतरवून पंपवाल्या मिस्त्रीकडे जायचा. पंप बहुधा ‘मायको’चा असे. १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचं नाव पुढे बॉश झालं, पण नाशिककर तिच्या नावाच्या चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात.

डिलाईल रोड आता कागदोपत्री ना. म. जोशी मार्ग आहे. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, बीडीडी चाळींच्या इथल्या ३२ इमारतींचा पुनर्विकास निघाला. त्यामुळे गाठींच्या ट्रकऐवजी आता काँक्रीटचे मिक्सर आणि मातीचे डम्पर येतात. त्यातला एखादा दहा-बारा वर्षांचा डम्पर भर रस्त्यात बंद पडतो. सेल्फ व्यवस्थित फिरतो, पण इंजिन धरत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला असतो. भोवती चारजण जमतात आणि त्यातला एक निदान करून मोकळा होतो : कंप्युटर गेला.

बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. पण तिकडे वळण्याआधी हा कंप्युटर ट्रकमध्ये आला कसा, ते पाहायला हवं.

त्या गोष्टीचा एक धागा डिलाईल रोडपासून फार लांब नसलेल्या गिरगावात जातो. गिरगावातल्या चाळीत वाढलेले, युनियन हायस्कूलमध्ये शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारनं २००१ मध्ये वाहन-इंधनाचं धोरण ठरवायला समिती नेमली. तिचा अहवाल २००२ मध्ये आला. देशातल्या गाड्यांच्या धुराचे नियम कोणत्या शहरात कधी कडक व्हायचे, याचं वेळापत्रक त्यातून ठरलं. मुंबईसह मोठ्या शहरांत भारत स्टेज तीन २००५ मध्ये आलं आणि भारत स्टेज चार २०१० मध्ये. उरलेल्या देशात स्टेज चार पोहोचायला एप्रिल २०१७ उजाडलं. स्टेज चारची मापं निव्वळ पान्यानं आणि स्प्रिंगनं गाठणं अवघड होतं. अशोक लेलँडनं २०१७ मध्ये जुन्या धाटणीचा इनलाइन पंप कायम ठेवून ती गाठली, आणि आमची गाडी रस्त्यावरच्या मिस्त्रीलाही दुरुस्त करता येते, हीच आपली जाहिरात केली. बाकीच्यांचा कल मात्र कॉमन रेलकडे, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना दाबाखालचं डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीकडे, आणि तिच्यासोबत येणाऱ्या ईसीएमकडे, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरकडे राहिला. बाहेरच्या जगात हे आधीच झालं होतं. अमेरिकेत डेट्रॉइट डिझेलनं १९८५ मध्येच ट्रकच्या इंजिनाला इलेक्ट्रॉनिक नियंत्रण दिलं होतं, आणि जपानच्या हिनो ट्रकमध्ये डेन्सोची कॉमन रेल १९९५ मध्ये आली.

मुंबईसारखी मोठी शहरं आणि बाकीचा महाराष्ट्र यांच्यातल्या या सात वर्षांच्या अंतराचा एक विचित्र परिणाम झाला. मुंबईत नोंदलेली गाडी स्टेज चारची, तर त्याच काळात शेजारच्या जिल्ह्यात नोंदलेली तिचीच बहीण स्टेज तीनची. अनेक मालकांनी शहराबाहेर नोंदणी करून जुनं तंत्र असलेली गाडी मुद्दाम पसंत केली. यात कंजुषी होती, तशी भीतीही होती. रस्त्यात बंद पडली तर हिला हात कोण लावणार?

ईसीएम म्हणजे पाठ्यपुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा डबा. त्याला दोन-तीन मोठी कनेक्टर जोडलेली असतात आणि एकेका कनेक्टरात डझनावारी पिना. क्रँकचा वेग, रेलमधला दाब, हवेचं आणि पाण्याचं तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, या सगळ्याची खबर त्याला क्षणाक्षणाला मिळते. त्यावरून कुठलं इंजेक्टर कधी आणि किती वेळ उघडायचं, ते तो ठरवतो. रेलमध्ये डिझेल दीड-पावणेदोन हजार बार दाबाखाली उभं असतं. त्या दाबाविरुद्ध इंजेक्टर झटक्यात उघडायला बॅटरीचे चोवीस व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून डब्याच्या आतच ते कित्येक पटींनी वाढवले जातात. डब्यात सर्वांत जास्त मार खाणारा भाग हाच. इंजेक्टरच्या वायरचं आवरण घासून ती बॉडीला चिकटली, की तिला वीज देणारा ट्रान्झिस्टर जळतो.

इथेच दुरुस्तीतली सर्वांत महागडी चूक होते. डबा जळाला म्हणून नवा लावतात, आणि ज्या वायरनं पहिला जाळला तीच दुसराही जाळते. म्हणून चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन डब्याला शेवटी हात लावतो. आधी बॅटरीचे टर्मिनल, मग अर्थिंगची तार. चेसिसवर ती जिथे आवळलेली असते तिथे गंज धरतो, आणि समुद्राकाठच्या या खाऱ्या हवेत तर हमखास धरतो. मग फ्यूज आणि मेन रिले. त्यानंतर सेन्सरना मिळणारे पाच व्होल्ट. एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की हे पाच व्होल्ट खाली येतात, त्याच तारेवरचे बाकीचे सेन्सरही मुके होतात आणि डबाच मेल्यासारखा वाटतो. शॉर्ट झालेल्या सेन्सरचं कनेक्टर काढलं की गाडी पुन्हा बोलू लागते.

स्कॅनर लावला आणि तो गाडीशी जोडलाच गेला नाही, तर डबा गेला अशी खात्रीच पटते. पण तेही घाईचं. ट्रकमधले छोटे-मोठे कंप्युटर कॅन नावाच्या दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. ही पद्धत बॉशनं १९८६ मध्ये जगापुढे ठेवली. या जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मीटर धरला की सुमारे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एक रोध निसटला आहे. शून्याजवळ आकडा आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. साध्या मल्टिमीटरनं होणारी ही तपासणी लाखमोलाची आहे, आणि ती न करताच डबे उतरवले जातात.

अमेरिकेतला एक दाखला प्रसिद्ध आहे. १९९८ ते २००२ च्या कमिन्स इंजिनाच्या डॉज पिकअपमध्ये ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ढिम्म राहायची. कितीजणांनी पंप बदलले, ईसीएम बदलले. दोष पुष्कळदा ॲक्सिलरेटरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरमध्ये निघायचा.

डबा खरोखर खराब होतो तेव्हा कारणं ठरलेली असतात. चेसिसला वेल्डिंग करताना कनेक्टर आणि बॅटरी न सोडवणं हे एक. डम्परची बॉडी सारखी तडकते आणि रस्त्याकडेला वेल्डिंग होतच असतं, त्यामुळे हा अपघात नेहमीचा. दुसरं कारण पाणी. कनेक्टरचं रबर सुकलं की पाणी वायरच्या आवरणाखालून केशाकर्षणानं चढत थेट आत जातं. पावसाळ्यात हिंदमाता-परळला पाणी भरतं आणि गाड्या त्यातून काढाव्या लागतात, तेव्हा ते आत शिरतं आणि पिना हिरव्या पडायला काही महिने लागतात. कारण दिवाळीत विचारलं, तर जुलैचा पाऊस कुणाला आठवत नाही. तिसरं कारण वय. कंपनानं सोल्डरिंगला तडे जातात आणि काही डब्यांतले कपॅसिटर गळून बोर्ड खातात. १९९० च्या दशकातल्या मित्सुबिशीच्या मोटारी या गळतीसाठी कुप्रसिद्ध होत्या.

मग बदलायचं ठरलं तर तीन वाटा. कंपनीचा नवा डबा, भंगारात गेलेल्या गाडीचा जुना, किंवा आपल्याच डब्याचा बोर्ड दुरुस्त करून घेणं. जुन्या गाडीच्या बाबतीत पहिली वाट पुष्कळदा बंदच असते, कारण त्यातली चिपच आता कुणी बनवत नाही. दुसरी वाट कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारात जाते आणि स्वस्त वाटते. पण दुसऱ्याच्या गाडीचा डबा लावणं म्हणजे शेजाऱ्याचा चष्मा घालणं : फ्रेम नाकावर बसते, नंबर वेगळा असतो. डब्याच्या लेबलवर हार्डवेअरचा नंबर वेगळा आणि सॉफ्टवेअरचा वेगळा लिहिलेला असतो. दिसायला तंतोतंत सारख्या डब्यांत इंजिनाची ताकद वेगळी असू शकते. चेसिस नंबर, चावीची ओळख, इंजिनाचे तास हे सगळं आत साठलेलं. डम्परला नियमानं ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे, इतर बहुतेक मालवाहू गाड्यांना ८०. अनेक गाड्यांत हा आकडाही याच डब्यात असतो.

त्यात इंजेक्टरचे कोड आले. कितीही काटेकोर बनवली तरी दोन इंजेक्टर एकाच मापानं डिझेल सोडत नाहीत. कारखान्यात प्रत्येकाची चाचणी होते आणि त्याच्या स्वभावाचा कोड त्याच्या डोक्यावर कोरला जातो. तो कोड योग्य सिलिंडरच्या खात्यात लिहिला नाही, तर गाडी सुरू होते, पण खडखडते, धूर काढते आणि डिझेल खाते. मग दोष नव्या डब्याच्या माथी येतो.

म्हणून तिसरी वाट, आपलाच बोर्ड जिवंत करण्याची, जुन्या ट्रकला अनेकदा सर्वांत शहाणपणाची ठरते. जळालेला ट्रान्झिस्टर, गळका कपॅसिटर किंवा गंजलेली पिन बदलली की डब्यातली माहिती जिथल्या तिथे राहते. लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी पिढ्यान् पिढ्या ओळखला जातो. हॉट एअर गन आणि सूक्ष्मदर्शक घेऊन हे काम करणारे कारागीर आता शहरोशहरी आहेत. बोर्ड अगदीच गेला असेल तर मेमरीची चिप वाचून तीच माहिती दुसऱ्या डब्यात उतरवता येते. गाडी उभी असली तरी हप्ता उभा राहत नाही, हे मालकाचं गणित पाहता कामाला किती दिवस लागतात, हाही हिशेब महत्त्वाचा.

ज्याला माहिती उतरवता येते त्याला ती बदलताही येते, हा या धंद्याचा काळा कोपरा. नायट्रोजनची ऑक्साइडं मारायला धुरात युरिया फवारणारी यंत्रणा, युरियाचा खर्च नको म्हणून, सॉफ्टवेअरमधून बंद करून देणारे आहेत. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत. त्यामुळे असा ट्रक पीयूसीतून बिनबोभाट सुटतो आणि त्याची ऑक्साइडं रस्त्यालगतच्या चाळींच्या खिडक्यांतून आत जातात. ही हातचलाखी फक्त गल्लीतली नाही. खुद्द कमिन्सनं अमेरिकेत पिकअपच्या इंजिनांच्या सॉफ्टवेअरवरून डिसेंबर २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलर दंड भरायची तयारी दाखवली.

अशा फेरफारांच्या धास्तीपायी, आणि थोड्याफार धंद्याच्या हिशेबानंही, नव्या गाड्यांचे डबे अधिक कुलूपबंद होत चालले आहेत. एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या पुष्कळ गाड्यांत डबा बदलला की कंपनीच्या सर्व्हरशी जोडून परवानगी घ्यावी लागते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चं पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनक्षेत्रही घेतलं. मात्र मॅन्युअल मिळणं वेगळं आणि सर्व्हरचा पासवर्ड मिळणं वेगळं. स्टेज चारचे ट्रक आता विकले जाऊन सातारा-लातूरकडे चालले आहेत. तिथल्या मिस्त्रीला मल्टिमीटर, कनेक्टरचा पिननकाशा आणि एक बरा स्कॅनर एवढ्यावर त्यांचं बरंचसं काम उरकता येईल. त्यांच्यामागून येणाऱ्या स्टेज सहाच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या राहतील तेव्हा त्याला कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावावा लागेल.