जुनी मधपेटी घेताना

शेंद्र्यात एमआयडीसीच्या आसपास शेती करणाऱ्या कुणाला दोन-चार मधपेट्या ठेवायच्या असतील, तर ओळखीच्या मधपाळाकडून जुनं सामान घेणं स्वस्त पडतं. मात्र आधी विचारा, पेटी कोणत्या माशीची? आपली सातेरी आणि युरोपातून आलेली मेलीफेरा यांचा आकार वेगळा, म्हणून चौकटी आणि मेणपत्र्यावरची घरंही वेगळी. एकीचा मेणपत्रा दुसरीला चालत नाही.

मग पेटी उघडून घ्याच. पोळ्यात जाळं आणि बोगदे दिसले तर मेणकिडा शिरला आहे. अळ्या रंग बदलून सडलेल्या, आंबूस किंवा घाण वास, असं काही दिसलं तर सौदा तिथेच मोडा. अमेरिकन फाउलब्रूड या रोगाचे बीजाणू लाकडात आणि पोळ्यात अनेक दशकं जिवंत राहतात. नुसतं धुऊन ते जात नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: मधयंत्र, धुराडं, बुरखा खुशाल जुना घ्या, पण जुनी पोळी कधीच नको.

माश्यांसकट वसाहत घेताना भाव ठरतो माश्यांनी भरलेल्या चौकटींवर. अंडी दिसली की राणी कामात आहे समजावं. ने-आण रात्री, दार जाळीने बंद करून.

विकणाऱ्यांनीही रोग लपवू नये. शंका असल्यास पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचारा. १९६२पासून ती याच कामात आहे.