अपडेट कोणाला आणि कधी?

सुट्टीत रायपूरला गेलो की घरातले दोन्ही लॅपटॉप तपासण्याचे काम माझ्याकडे असते. दोन्हींवर उबुंटू लिनक्स आहे. या वेळी ताईच्या लॅपटॉपवर एक अपडेट दिसले, माझ्यावर मात्र नाही. बाबा म्हणाले, "तुझा बिघडला असेल." तो बिघडला नव्हता. कोणते अपडेट कोणाला द्यायचे, याची लिनक्समध्ये एक शिस्त आहे आणि आपल्यासारख्या कॅडेटांना ती चटकन समजेल.

लिनक्समधले सॉफ्टवेअर 'पॅकेज'च्या रूपात एका भांडारात ठेवलेले असते. डेबियन आणि उबुंटूमध्ये ते आणण्याचे काम 'ॲप्ट' करतो. 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा दिली की नवे काहीच बसत नाही, फक्त भांडाराची ताजी यादी येते. यादीवर डिजिटल सही असते. सही जुळली नाही, तर ॲप्ट ती यादी स्वीकारत नाही. गेटवर ओळखपत्र पाहिल्याशिवाय संत्री आत सोडत नाही, तसेच हे.

मग तुलना सुरू होते. आवृत्तीचा क्रमांक दशांश अपूर्णांकासारखा वाचायचा नसतो. १.१० ही १.९ च्या पुढची, कारण दहा हे नवापेक्षा मोठे. पण केवळ क्रमांक मोठा असून भागत नाही. प्रत्येक भांडाराला प्राधान्य असते. नेहमीच्या भांडाराला ५००, तर डेबियनच्या प्रायोगिक भांडाराला फक्त १. आधी प्राधान्य पाहिले जाते, क्रमांक त्यानंतर. आणि प्राधान्य १००० किंवा त्याहून अधिक नसेल, तर ॲप्ट आपणहून जुन्या आवृत्तीकडे परत जात नाही. नव्या पॅकेजला लागणारी इतर पॅकेजेस जुळत नसतील, तर तेही थांबवून ठेवले जाते.

ताईच्या लॅपटॉपचे कोडे इथे सुटते. उबुंटू नेहमीची अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडते. आधी थोड्या संगणकांना, तक्रार आली नाही तर आणखी थोड्यांना. कोणाचा नंबर आधी, हे संगणकाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकावरून ठरते. ताईचा नंबर आधी लागला, एवढेच. सुरक्षेची अपडेट्स मात्र अशी थांबत नाहीत, ती सर्वांना एकदमच मिळतात.

"नवीन आले की लगेच टाकायचे, त्यात काय बघायचे?" असे पुष्कळांना वाटते. २९ मार्च २०२४ ची घटना त्यांना सांगावी. फाइल्स लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा लपवला होता. दूरवरून लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो सापडला. डेबियनच्या स्थिर शाखेत जुनी आवृत्ती होती, म्हणून ती सुरक्षित राहिली. चाचणीच्या शाखांत मात्र ही आवृत्ती पोहोचली होती.

आता तिथे माघार घ्यायची कशी? ॲप्ट तर मागे जात नाही. डेबियनने जुने ५.४.५ घेतले आणि त्याला नाव दिले '५.६.१+रिअली५.४.५-१'. म्हणजे "वर ५.६.१ लिहिले आहे, आत खरे ५.४.५ आहे." ॲप्टला क्रमांक मोठा दिसला आणि माघार अपडेट म्हणून सर्वांपर्यंत पोहोचली!

हे आपल्यापासून दूरचे नाही. सी-डॅकची 'बॉस' ही प्रणाली डेबियनवर, तर संरक्षण मंत्रालयाची 'माया' उबुंटूवर आधारलेली आहे. पुढे आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर असेच संगणक असतील.

तेव्हा सुरक्षेचे अपडेट आले की टाळाटाळ करू नका. एखादे अपडेट दिसले नाही, तर इंटरनेटवरून मिळेल ती फाइल उतरवून बसवू नका. 'ॲप्ट पॉलिसी' लिहून पुढे पॅकेजचे नाव द्या. सध्या कोणती आवृत्ती आहे, कोणती मिळू शकते आणि ती कोणत्या भांडारातून येणार, हे तिथेच दिसेल.