भात सोडायचा की ताट बदलायचे? कमी ‘जीआय’चे शाकाहारी जेवण घरच्या घरी कसे बनवाल?

रक्तातील साखर वाढल्याचा रिपोर्ट आला, की घरात पहिली गदा येते ती भातावर. मग एकाच घरात दोन स्वयंपाक सुरू होतात. एक ‘पेशंट’साठी आणि दुसरा बाकीच्यांसाठी. ही कसरत फार दिवस टिकत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडिॲब’ पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे सगळ्या घराला चालेल आणि साखरही झपकन वाढवणार नाही, असे जेवण शक्य आहे का, हा प्रश्न अनेक स्वयंपाकघरांचा आहे. उत्तर ‘हो’ असे आहे आणि त्यासाठी महागडे काही आणावे लागत नाही.

‘जीआय’ म्हणजे काय?

कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने वाढवतो, हे सांगणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, अर्थात ‘जीआय’. टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेनकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ही कल्पना मांडली. ज्यात ५० ग्रॅम पचणारी कर्बोदके आहेत एवढा पदार्थ खायला देऊन पुढचे दोन तास रक्तातील साखर मोजली जाते. शुद्ध ग्लुकोजला १०० धरून त्याच्याशी तुलना होते. ५५ किंवा त्यापेक्षा कमी म्हणजे कमी जीआय, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे जास्त.

आपल्या ताटातले पदार्थ कुठे बसतात?

आंतरराष्ट्रीय तक्त्यांमधील सरासरी आकडे असे आहेत:

- राजमा: २४
- छोले किंवा काबुली चणे: २८
- जव: २८
- मसूर: ३२
- दूध: ३९
- गव्हाची पोळी: ५२
- पांढरा भात: ७३
- पांढरा ब्रेड: ७५
- उकडलेला बटाटा: ७८

कडधान्ये आणि डाळी तळाशी आहेत, हे लगेच लक्षात येईल. शाकाहारी स्वयंपाकाची ही मोठी जमेची बाजू आहे. अर्थात तांदळाचा वाण, दळण आणि शिजवण्याची पद्धत यांनुसार हे आकडे बदलतात.

मग फक्त आकडा पाहून खायचे का?

नाही. किती खाल्ले, हेही तितकेच महत्त्वाचे. त्यासाठी ‘ग्लायसेमिक लोड’ काढतात. पदार्थातील कर्बोदकांच्या ग्रॅमला जीआयने गुणायचे आणि १०० ने भागायचे. उत्तर १० पर्यंत आले तर कमी, २० किंवा त्याहून जास्त आले तर जास्त.

कलिंगडाचा जीआय ७६ आहे. पण १२० ग्रॅम फोडींमध्ये कर्बोदके १० ग्रॅमपेक्षाही कमी असतात. त्यामुळे लोड ८ च्या आत राहतो. याउलट ४० ग्रॅम कर्बोदके असलेल्या भाताचा लोड साधारण २९ होतो. तोच भात निम्मा घेतला तर लोडही निम्मा होतो. म्हणजे भात बंद करण्याआधी वाटी लहान करून पाहता येते.

दुसरीकडे, आइस्क्रीमचा जीआय ५१ च्या आसपास आणि चॉकलेटचा ४० च्या आसपास आहे. त्यातील स्निग्ध पदार्थांमुळे पचन लांबते, एवढेच. आकडा कमी म्हणून पदार्थ पौष्टिक, असे होत नाही.

दिवसभराचा बेत कसा असावा?

*न्याहारी: मुगाचे धिरडे.* दोघांसाठी एक वाटी हिरवे मूग रात्रभर भिजवा. आले, मिरची, जिरे आणि मीठ घालून वाटा. बारीक चिरलेला कांदा व कोथिंबीर मिसळून थोड्या तेलावर धिरडी घाला. सोबत दही. पोहेच हवे असतील तर पोहे निम्मे घ्या आणि उरलेली जागा मटार, मोड आलेली मटकी व शेंगदाण्यांनी भरा. वरून लिंबू पिळा.

*दुपार: उसळ, भाकरी, कोशिंबीर.* मटकी किंवा चवळीची उसळ मोठी वाटी, ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि ताक. वेळ नसेल तर पिठले. बेसन हे हरभऱ्याच्या डाळीचेच पीठ असल्याने पिठले-भाकरी हा बेत उत्तम बसतो.

*मधल्या वेळी:* बिस्किटांऐवजी मूठभर फुटाणे किंवा एखादे सफरचंद.

*रात्र: जव-मुगाची खिचडी.* अर्धी वाटी जव चार तास भिजवा. अर्धी वाटी सालीची मूगडाळ धुऊन घ्या. जिरे, हिंग, हळदीची फोडणी करून गाजर, फरसबी, मटार परता. जव, डाळ, मीठ आणि चार वाट्या पाणी घालून कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या करा. जव किंचित चावावे लागतील, इतपतच शिजवा.

शिजवताना काय लक्षात ठेवायचे?

धान्य जितके बारीक दळलेले आणि जितके मऊ शिजवलेले, तितके ते लवकर पचते आणि साखर वेगाने वाढते. म्हणून आख्खे धान्य पिठापेक्षा बरे. चिकट शिजणाऱ्या तांदळापेक्षा मोकळा होणारा, लांब दाण्याचा तांदूळ सहसा चांगला. भात थंड झाला की त्यातील काही स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो. मात्र उरलेला भात बाहेर ठेवू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना चांगला गरम करा.

खाण्याचा क्रमही उपयोगी पडतो. आधी कोशिंबीर, भाजी आणि उसळ, शेवटी भात किंवा पोळी असे जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसले आहे.

कुठे फसगत होते?

‘मिलेट’ म्हटले की जीआय कमीच, हा समज चुकीचा आहे. तक्त्यांमध्ये मिलेटच्या लापशीचा सरासरी जीआय ६७ आहे. नाचणीची पातळ आंबील आणि नाचणीची भाकरी यांचा परिणाम सारखा नसतो. उपवासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, दही आणि काकडी हे ताट अधिक समतोल ठरते.

कोणी काळजी घ्यावी?

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर आहारात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांशी बोला. कर्बोदके अचानक कमी केली आणि औषधाचा डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घाम, थरथर, गरगरणे अशी लक्षणे दिसल्यास अशा वेळी कमी जीआयचा पदार्थ कामाचा नाही. ग्लुकोज किंवा साखरेचे पाणीच लगेच द्यायला हवे. व्यक्ती शुद्धीवर नसेल तर तोंडाने काही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी-कडधान्यांचे प्रमाण डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून नोंद ठेवा. कोणते ताट आपल्याला मानवते, हे त्या नोंदीतून आठवड्याभरात कळू लागते.