कास पठार : कातळावरचे पुष्पवैभव

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंचीवर कासचे पठार पसरले आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. विस्ताराने लहान अशा या माळावर सुमारे ८५० जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. हे वैभव येथेच का नांदते, याचा उलगडा आम्ही येथे करू इच्छितो.

त्याचे उत्तर जमिनीच्या दारिद्र्यात आहे. जांभ्या कातळावर मातीचा थर अगदी पातळ. पावसाळ्यात येथे पाणी साचते, उन्हाळ्यात खडक तापून निघतो. मोठ्या वृक्षांना मूळ रोवता येत नाही. म्हणूनच चिमुकल्या वनस्पतींना मोकळे ऊन लाभते. तेरडा, सोनकी, गेंद यांचे ताटवे पावसाच्या मोजक्या महिन्यांत फुलून आपला जीवनक्रम उरकतात. मातीत नत्र कमी असल्याने काहींनी वेगळी वाट शोधली आहे. ‘सीतेची आसवे’ ही निळी-जांभळी फुले मिरवणारी वनस्पती सूक्ष्म पिशव्यांत इवले जलजीव पकडते, तर दवबिंदू आपल्या चिकट पानांवर कीटक धरून ठेवते.

आमरीची, म्हणजे ऑर्किडची, कथा अधिक विलक्षण आहे. येथील काही आमरी जमिनीतून उगवतात. एका जातीची पांढरी फुले दांड्याच्या एकाच बाजूस ओळीने लागतात, म्हणून तिला ‘टूथब्रश’ हे टोपणनाव मिळाले. आमरीचे बीज धुळीइतके बारीक. त्यात अन्नाचा साठा नसतो. मातीतील विशिष्ट बुरशीने अन्न पुरविले तरच ते रुजते. पुढे कोरड्या ऋतूत रोपाचा वरचा भाग सुकतो, आणि भूमिगत कंद पुढच्या पावसाची वाट पाहतो.

म्हणून उपटून घरी नेलेली आमरी बहुधा जगत नाही. तिचा अदृश्य सोबती मागेच राहतो. छायाचित्रासाठी ताटव्यात टाकलेले पाऊल केवळ फुलेच चिरडत नाही. मुळांनी धरून ठेवलेली मातीही सुटते आणि पुढच्या सरीत वाहून जाते. ती पुन्हा साठण्यास दीर्घ काळ लागतो.

या माळाला आपल्याकडून खत नको, नवे रोपही नको. आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती की, मुलाबाळांसह कासला जाल तेव्हा पायवाट सोडू नका. वाकून पाहा, नावे विचारा, आणि फूल जेथे उमलले तेथेच राहू द्या.