अंगणातील पक्षी आणि नामाचे लिंग



मराठी नामांची तीन लिंगे आणि व्याकरणिक लिंग व नैसर्गिक लिंग यांतील भेद तुम्ही यापूर्वी अभ्यासला आहे. हा भेद समजावताना 'भिंत', 'दगड', 'झाड' अशी उदाहरणे देण्याची प्रथा आहे. निर्जीव वस्तूंच्या बाबतीत तो कोणाला खटकत नाही, आणि म्हणूनच तो पुरेसा लक्षातही येत नाही. खरा प्रश्न सजीवांच्या बाबतीत उभा राहतो. कावळा 'तो', घार 'ती' आणि घुबड 'ते' कसे? घारींमध्ये नर नसतात काय? या पाठात हा प्रश्न आपण अंगणात, गच्चीवर किंवा खिडकीबाहेरच्या झाडावर नेऊन पाहणार आहोत. त्यासाठी एक वही आणि असल्यास मोबाइलचा कॅमेरा एवढी सामग्री पुरे.

प्रथम सोपी उदाहरणे घेऊ. चिमणा-चिमणी, मोर-लांडोर, कोंबडा-कोंबडी अशा जोड्या मराठीत आहेत. चिमण्याच्या गळ्यावरचा काळा पट्टा कोणालाही दिसतो, मोराचा पिसारा तर दिसतोच, आणि कोंबडीची अंडी घरात लागतात. जेथे फरक डोळ्यांत भरला किंवा व्यवहाराला उपयोगी पडला, तेथे भाषेने दोन शब्द ठेवले. कावळ्याचे नर-मादी आपल्याला सारखेच दिसतात, म्हणून सर्वांना एकच पुल्लिंगी नाव पुरले. येथवर भाषा आणि डोळे यांचा फारसा तंटा नाही. तो सुरू होतो कोकिळेपाशी.

वसंताच्या आरंभापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत 'कुहू' असा चढत जाणारा सूर ऐकू येतो. आपण सहज म्हणतो, 'कोकिळा गाते आहे.' गायिकेला आपण कोकिळकंठी म्हणतो. परंतु हा सूर नराचा असतो. नर तकतकीत काळा आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा तीक्ष्ण व घाईचा असतो. त्याला गाणे म्हणणे कठीण. गंमत अशी, की संस्कृत कवींना हे ठाऊक होते. कालिदासाने 'कुमारसंभवा'तील वसंतवर्णनात कूजन करणाऱ्या पक्ष्यासाठी 'पुंस्कोकिल' हा शब्द योजिला आहे, म्हणजे नर कोकिळ. संस्कृतातील 'परभृत' हे दुसरे नावही निरीक्षणातूनच आले आहे: दुसऱ्याने पोसलेला तो परभृत. कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, हे त्या एका शब्दात सामावले आहे. पुढे आपल्या कवितेत गाणारी 'कोकिळा' रुळली आणि नर मागे पडला. माधुर्य म्हणजे स्त्री, हा आपला संकेत पक्ष्यावर लादला गेला, असे मला वाटते.

सुगरणीचे उदाहरण याहून बोलके आहे. 'सुगरण' म्हणजे पाककुशल, नीटनेटकी गृहिणी. बाभळीला किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीला लटकणारे ते विणलेले घरटे पाहून हे नाव सुचले असावे, यात नवल नाही. बहिणाबाई चौधरी यांच्या खोप्यावरील सुप्रसिद्ध कवितेतही विणकाम करणारी सुगरणच आहे. प्रत्यक्षात घरटे नर विणतो. डॉ. सालिम अली यांनी 1930 च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्याचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो. मादी येऊन ते पाहते. तिला पसंत पडले तर ती तेथे राहते आणि मग नर पुढची नळी पुरी करतो. आतील अस्तराचे काम मात्र मादीकडे असते. त्यानंतर नर दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीसाठी हात घालतो. हे आपल्या 'सुगरण' या कल्पनेत मुळीच बसणारे नाही! (यामुळे बहिणाबाईंची कविता खोटी ठरत नाही. कविता पक्षिशास्त्र सांगायला बसलेली नसते. ती माणसाला माणसाविषयीच बोलत असते.)

आता ऋतूंकडे वळू. विणीच्या काळात सुगरणीच्या नराचे डोके पिवळेधमक होते. हंगाम सरला की तो मादीसारखा, चिमणीच्या वळणाचा, मातकट दिसू लागतो. मोराचा पिसाराही पावसाळ्यानंतर गळतो आणि काही काळ मोर लांब पिसांवाचून हिंडतो. शिंपी पक्ष्यात नर-मादी एरवी जवळजवळ सारखे, पण विणीच्या दिवसांत नराच्या शेपटीची मधली दोन पिसे लांबतात. म्हणजे 'तो' की 'ती' हे ओळखण्याचे साधन वर्षभर सारखे राहत नाही. एका दिवसाच्या पाहण्याने निष्कर्ष काढणाऱ्याची येथे फसगत होते. माझी झाली होती.

दिवाळीच्या सुमारास माझ्या अंगणातील जास्वंदीवर एक शिंजीर येऊ लागला. वरून तपकिरी, खालून फिकट पिवळा, आणि गळ्यापासून पोटाकडे उतरणारी एक काळसर रेघ. मी वहीत लिहिले, 'शिंजिराची मादी जास्वंदीवर आली, उलटी लटकली, फुलाच्या बुडाशी चोच घालून मध प्यायली.' छायाचित्रही काढले, आणि वर्गात तेच उदाहरण दिले. फेब्रुवारीत झळाळत्या निळ्या-काळ्या रंगाचा नर दिसला, तेव्हा 'जोडीदार आला' असेही लिहिले. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत सारी छायाचित्रे तारखेप्रमाणे लावली, तेव्हा चूक उघडी पडली. नोव्हेंबरातील रेघ डिसेंबरात रुंद झाली होती. जानेवारीत अंगावर गडद डाग उमटले होते. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर आपला झळाळता रंग टाकून मादीसारखा होतो. गळ्यावरची रेघ तेवढी त्याची खूण म्हणून उरते. मी महिनाभर नरालाच 'ती' म्हणत होतो. सर्व छायाचित्रांत एकच पक्षी होता, असे मात्र मी आजही म्हणणार नाही. पायात कडे नसलेला रानपक्षी व्यक्तिशः ओळखणे अशक्यप्राय असते.

माझ्या त्या वाक्याकडे भाषेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पुन्हा पाहा. आली, लटकली, प्यायली. 'मादी' हा एक शब्द चुकला एवढेच नव्हे. तीन क्रियापदे त्याच्यामागून गेली. मराठीत कर्तरी प्रयोगात भूतकाळी क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवते, म्हणून 'पक्षी बसला होता' की 'बसली होती' हे ठरविल्यावाचून आपल्याला नोंदच करता येत नाही. आपली भाषा निरीक्षकाला कबुली द्यायला लावते, आणि ती कबुली आपण बहुधा नकळत देतो. सुदैवाने तिच्यातच एक वाट आहे. नर-मादीची खात्री नसेल तेथे नपुंसकलिंगी 'पाखरू' वापरा: 'एक पाखरू जास्वंदीवर आले, उलटे लटकले.' या वाक्यात जे दिसले तेवढेच आहे. तज्ज्ञांना हा शब्द फार घरगुती वाटेल. मला तो अचूक वाटतो.

छायाचित्रांविषयी थोडे. सकाळचे कोवळे ऊन आणि सूर्य आपल्या पाठीशी, ही उत्तम वेळ. मोबाइलवर चित्र ताणून मोठे करण्यापेक्षा उन्हाळ्यात पाण्याचे पसरट भांडे ठेवून थोड्या अंतरावर निश्चल बसावे. बुलबुल, दयाळ, साळुंक्या आपण होऊन येतात. पक्ष्याचा डोळा स्पष्ट यावा. चित्र धूसर आले तरी लगेच पुसू नका. माझी जानेवारीची दोन्ही छायाचित्रे धूसरच होती, आणि त्यांनीच चूक दाखविली. तारीख वहीत हाताने लिहा, कारण संदेशातून पाठविलेल्या प्रतीत ती बहुधा टिकत नाही. घरट्याजवळ मात्र जाऊ नका, आडोशाची पाने बाजूला करू नका. उघडे पडलेले घरटे कावळ्याच्या नजरेतून सुटत नाही.

कृती : तुमच्या परिसरात नेहमी दिसणारा कोणताही एक पक्षी निवडा. पुढील चार महिने आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वेळी, त्याची पाच-सहा वाक्यांची नोंद करा. जमल्यास छायाचित्र जोडा. तुमच्या बोलीत त्या पक्ष्याला काय म्हणतात, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्या आणि त्या नावाचे लिंग नोंदवा. चार महिन्यांनंतर सर्व नोंदींतील क्रियापदे अधोरेखित करा. प्रत्येक '-ला', '-ली', '-ले' समोर लिहा : हे लिंग मी पाहिले, की नावाने मला सांगितले?