झोपेतला घोट

काल रात्री झोपेत तुम्ही स्वतःचीच थोडीशी लाळ फुप्फुसात ओढून घेतली असण्याची बरीच शक्यता आहे. दचकू नका. गाढ झोपलेल्या धडधाकट माणसांच्या घशात थेंब थेंब किरणोत्सारी द्रव सोडून सकाळी तपासलं, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या फुप्फुसात त्याच्या खुणा सापडल्या!

मग आपण रोज सकाळी न्यूमोनिया घेऊन का उठत नाही? कारण श्वासनलिकेला आतून अतिसूक्ष्म लव असते. ती शेतातल्या पिकासारखी डुलत राहते आणि आत शिरलेला कचरा चिकट कफासकट वर ढकलते. उरलंसुरलं पांढऱ्या पेशी गिळतात. शिवाय ठसका आहेच. वय वाढलं की हा ठसकाच सुस्तावतो. घोट चुकीच्या वाटेने जातो आणि पहारेकऱ्याला पत्ताच लागत नाही.

आता प्रश्न एवढाच, की त्या घोटात आहे काय?

दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक चीर असते, निरोगी तोंडात फार तर तीन मिलिमीटर खोल. तिथे किटण साचलं की हिरडी सुजते, दातापासून सुटते आणि चिरेचा खिसा होतो. गंमत बघा, वरून दिवसभर हवेची ये-जा चालू आणि खिशाच्या तळाशी मात्र प्राणवायूचा दुष्काळ! प्राणवायूचं वावडं असलेले जिवाणू नेमके तिथेच संसार थाटतात. त्यांची विकरं लाळेत मिसळतात. ती घशाच्या अस्तरावरचा संरक्षक थर खरवडून काढत असावीत आणि मग एरवी निसटून जाणाऱ्या जंतूंना तिथे पाय रोवायला जागा मिळत असावी, असा संशोधकांचा कयास आहे.

बेलफास्टमध्ये साठीच्या आसपासच्या पुरुषांच्या हिरड्या तपासल्या आणि त्यांना नळीत जोरात फुंकायला लावलं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे फुप्फुसाचं प्रगतिपुस्तकच. ज्यांच्या हिरड्या जास्त झिजलेल्या, त्यांची फुंकर कमी भरली. धूम्रपान दोन्हींची वाट लावतं, म्हणून त्याचा हिशेब वेगळा काढला. तरी संबंध उरलाच. अर्थात, संबंध दिसला म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही.

पुराव्याच्या सर्वांत जवळ पोचले ते जपानी. 11 वृद्धाश्रमांतल्या काही वृद्धांचे दात सेवकांनी प्रत्येक जेवणानंतर घासून दिले; बाकीच्यांचं नेहमीसारखंच चालू राहिलं. दोन वर्षांत नेहमीच्या गटात 19 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, घासलेल्या गटात 11 टक्क्यांना. औषध कुठलं? ब्रश! आणि खरा चमत्कार तर पुढेच आहे: ज्यांच्या तोंडात एकही दात नव्हता, त्यांनाही फायदा झाला. दातच नाहीत, तर घासलं काय? हिरड्या आणि जीभ. जंतू तर तिथेही असतातच, पण त्या घासण्याने सुस्तावलेला ठसकाही जागा होतो, असं दुसऱ्या एका जपानी प्रयोगात दिसलं.

टोकियोतल्या पंच्याऐंशी वर्षांपुढच्या मंडळींच्या पाहणीत, कवळी लावूनच झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. तेव्हा आज रात्री आजीची कवळी तोंडात आहे की वाटीत, एवढं बघून मगच दिवा मालवा.