रॉक संगीत, इटालियन : सत्तेचा उपहास

इटलीतील रॉक संगीत १९७० नंतरच्या दशकात स्वभाषेत स्थिरावले आणि सत्तेचा उपहास हा त्याचा एक ठळक विषय झाला. राजकीय हिंसाचाराच्या व विद्यार्थिचळवळींच्या त्या काळात सत्ता म्हणजे केवळ शासन नव्हे. शाळा, चर्च, वैद्यक आणि ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय हीही तिचीच अंगे होत, अशी तरुणांची धारणा होती.

ह्या उपहासाचा सर्वांत समर्थ आविष्कार नेपल्सचा गायक-गीतकार एदोआर्दो बेन्नातो (२३ जुलै १९४६– ) याच्या रचनांत आढळतो. वास्तुशास्त्राचा हा पदवीधर गिटार, हार्मोनिका, काझू व पायाने वाजवावयाची डफली ही वाद्ये एकट्याने हाताळीत गात असे. ई बुओनी ए ई कात्तीवी (१९७४, म. शी. ‘सज्जन आणि दुर्जन’) ह्या संग्रहातील एका गीतात मुलांना तिघातिघांच्या रांगेत उभे करणाऱ्या शाळेची त्याने खिल्ली उडविली. तथापि त्याची ख्याती मुख्यत्वे बुरात्तीनो सेन्त्सा फीली (१९७७, म. शी. ‘दोऱ्यांविना बाहुले’) ह्या संग्रहावर अधिष्ठित आहे. त्या वर्षी इटलीत सर्वाधिक खपलेला हा संग्रह कार्लो कोल्लोदी (१८२६–९०) याच्या पिनोकिओ ह्या बालकथेवर आधारलेला आहे. मूळ कथेत खोडकर लाकडी बाहुला शहाणा होतो आणि बक्षीस म्हणून त्याला माणसाचा देह लाभतो. बेन्नातोने नेमका हा शेवट उलटा केला : बाहुला होता तोवर पिनोकिओ मोकळा होता, चारचौघांसारखा होताच त्याच्या अंगाला दोऱ्या जडल्या. त्या कोणी बळजबरीने बांधलेल्या नाहीत, त्याने त्या आपणहून मागून घेतल्या, हे ह्या उपहासाचे मर्म होय. लबाड मांजर व कोल्हा येथे नवोदित गायकाला कीर्तीचे आमिष दाखवून करारावर सही घेणारे भागीदार होतात, तर वैद्य-पंडितांची परिषद एका तरुणाच्या ‘रोगा’वर ऑपेराच्या थाटात खल करते.

सत्तेचा विरोध करणाऱ्या चळवळीही कलावंतांवर हुकमत गाजवू लागल्या होत्या. एप्रिल १९७६ मध्ये मिलान येथील कार्यक्रमात गायक फ्रांचेस्को दे ग्रेगोरी (१९५१– ) याला काही जहालांनी रंगमंचावर जाब विचारून त्याचा जणू खटलाच चालविला. बेन्नातोने पीटर पॅनच्या कथेवरील पुढील संग्रहाला (१९८०) ‘ही तर केवळ गाणी’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. ह्यातील विनय वरकरणी आहे. त्याच वर्षी मिलानच्या सान सीरो क्रीडागारात त्याने प्रचंड जनसमुदायापुढे गायन केले.

बोलोन्याच्या स्कियान्तोस ह्या वाद्यवृंदाने १९७९ मध्ये संगीताऐवजी रंगमंचावर स्पॅगेटी शिजविली आणि प्रेक्षकांच्या अपेक्षांचीच थट्टा केली. मिलानच्या एलियो ए ले स्तोरिए तेझे ह्या वाद्यवृंदाने १९९१ च्या कामगारदिनी रोममधील मेळाव्यात राजकारण्यांच्या गैरव्यवहारांची जंत्री गायिली, तेव्हा सरकारी दूरचित्रवाणीने प्रक्षेपण मध्येच तोडले.